कैऱ्यांनी निवडलेलं पुस्तक

चैत्र लागला की आमच्या नगरच्या कॉलेजात पार्सलं यायला लागतात. स्टेशनावरून टांग्यात घालून आणतात. किंतानात गुंडाळलेली आणि सुतळीनं अशी करकचून आवळलेली, की आत पुस्तकं नसून पळून जाणाऱ्या कोंबड्या असाव्यात असं वाटतं. सुतळी कापली की खळीचा आणि नव्या कागदाचा वास सुटतो. खिडकीबाहेर कडुलिंब फुललेला असतो, त्याचा कडवट गोड वास आत येतो. दोन्ही वास एकमेकांत मिसळतात आणि माझा घसा बसतो. गेल्या साली बसला, यंदाही बसला. डॉक्टर म्हणतात, धूळ आहे. मी म्हणतो, असेल. डॉक्टरांना बाकीचं कुठून सांगत बसू?

पार्सलांत अर्थशास्त्राची पुस्तकं असतात. कंपन्या फुकट पाठवतात, नमुन्यादाखल. काय शिकवायचं ते विद्यापीठ ठरवून देतं आणि सोबत पुस्तकांची मारुतीच्या शेपटाएवढी यादी जोडतं. त्यातलं वर्गात कुठलं चालवायचं, ते मात्र शिकवणाऱ्यानं बघायचं. यंदा बघणारा मी आहे. फेलो आहे मी, म्हणजे धड मास्तर नाही आणि धड पोरगाही नाही. पुण्याहून आलेले आमचे मोठे सर परवा टेबलावरचा ढीग माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुम्ही बघा हो. यातलं तुम्हाला कळतं म्हणतात."

मला काय कळतंय? मला आवाज काढता येतात, बस.

कोपरगावात शाळेत होतो तेव्हापासूनचा हा रोग. ड्रॉइंगमास्तर, स्टेशनमास्तर, गोदावरीच्या घाटावर भांडणाऱ्या दोन सख्ख्या जावा, दवंडीवाला, त्याची हलगी, हलगीला भुंकणारं कुत्रं, सगळे माझ्या गळ्यात राहायला होते. भाडं कुणी देत नव्हतं. आई म्हणायची, "दुसऱ्याचं तोंड घेऊन किती दिवस बोलशील रे? तुझं कुठं ठेवलंयस?" मी लगेच तिचाच आवाज काढून तिला तेच विचारायचो. ती हसायची आणि धपाटा घालायची. उत्तर राहून जायचं.

नगरला कॉलेज निघालं. स्वातंत्र्य नवं होतं, कॉलेजही नवं होतं, भिंतींचा चुना अंगाला लागायचा. तिथं मला सातपुते सर भेटले. अर्थशास्त्र शिकवायचे. पाथर्डीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, घराण्यात पहिले शिकलेले. काळी टोपी, गळाबंद कोट, तोंडात सुपारी. इंग्रजीत सुरुवात करायचे, अगदी स्वच्छ इंग्रजी, आणि कुठंतरी मध्येच मागच्या बाकांकडे बघून म्हणायचे, "म्हणजे, बघा हां..." मग थांबायचे. त्या थांबण्यात सुपारीचं एक खांड या गालातून त्या गालात जायचं. आणि मग बोरं यायची, कंट्रोलचं कापड यायचं, रॉकेलची रांग यायची, शेवगावचा बैलबाजार यायचा. वर्गात बसून आम्हाला बैलाच्या शेणाचा वास यायचा.

असा माणूस मी सोडीन?

एकदा ते यायच्या आधी टेबलामागे उभा राहिलो आणि सुरू केलं. "मागणी म्हणजे, बघा हां... नुसती हाव नव्हे. हाव तर मलाही आहे..." वर्ग हसत होता, तो हसता हसता गप्प झाला. असा गप्प झाला की मागं वळून बघायची गरजच नसते. सर दारात उभे होते.

"थांबलास का? चालू दे."

"सर, चुकलं."

"चुकलंच. 'नुसती हाव नव्हे' म्हटल्यावर मी खिडकीबाहेर बघतो. तू नाही बघितलंस." ते आत आले आणि माझ्या जागेवर, मागच्या बाकावर, जाऊन बसले. "आणि ऐपत कुठाय? हाव आणि ऐपत, दोन्ही मिळून मागणी. आवाज नेलास तर धडाही पुरा ने. सांग पुढं."

मी सांगितलं. त्यांच्याच आवाजात, घाम पुसत. त्या दिवसापासून ते मला कोतवाल म्हणायला लागले. कोतवाल पक्षी असतो ना काळा, तारेवर बसून सगळ्या पाखरांच्या नकला करतो, तो.

त्यांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं. पुण्यात शिकायला गेले तेव्हा प्रोफेसरांचं इंग्रजी कानावरून जायचं, पुढच्या बाकावरची मुलं माना डोलवायची आणि हे मागं बसून कौलं मोजायचे. "मला माणसानं नाही शिकवलं. बुकानं शिकवलं. बुक पुढचा बाक-मागचा बाक बघत नाही. पण ते बुक तसं पाहिजे हां." म्हणून दर चैत्रात पार्सलं आली की ते घरी नेऊन एकेक पुस्तक मोठ्यानं वाचायचे. डोळ्यांना काहीही पटतं, कान फसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कानही फसतो. तेच तर सांगायला बसलोय.

मी अजून त्यांच्या वर्गातच होतो, त्या वर्षी माघात एका सकाळी तोंड धुताना त्यांच्या हातातला तांब्या पडला. अर्धांग. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं कळत होतं, माणसं ओळखत होते, पण शब्द निघत नव्हता. डाव्या हातात पेन्सिल दिली तर अक्षरं उमटायची, पण भलत्याच शब्दांची. पाणी हवं असलं तर पाणी लिहिलं जायचं नाही. दोन-चारदा करून बघितलं आणि मग त्यांनी पाटी पालथी घातली. पुन्हा कुणाला सुलटी करू दिली नाही.

प्रिन्सिपॉल घरी येऊन गेले. जूनमध्ये पुण्याहून दुसरा माणूस बोलावलाय म्हणाले, तात्पुरता. 'तात्पुरता' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा म्हटला की सगळ्यांना कळायचं ते कळलं. "पुस्तक मात्र तुम्हीच निवडा, सातपुते. तुमचा मान आहे." सरांनी मान हलवली. मानाचं त्यांना काही नव्हतं. जूनमध्ये जामखेडकडून, कर्जतकडून पोरं येणार, मागच्या बाकावर बसणार, आणि 'म्हणजे, बघा हां' म्हणायला कुणी नसणार. आता जे काही सांगायचं ते पुस्तकालाच सांगावं लागणार होतं. एक पुस्तक निवडायचं आणि स्वतःच्या जागी उभं करून निघून जायचं, असं ते काम होतं.

गावातल्या तोफखाना भागात त्यांच्या दोन खोल्या. दुपारी खिडकीला ओला पंचा बांधलेला, त्यातून येणारा उजेड पाण्यासारखा. सर खाटेवर उशीला टेकून. मी खाली सतरंजीवर, भोवती पुस्तकं; आता त्यांच्याऐवजी मोठ्यानं वाचायचं काम माझं. डाव्या हातात त्यांनी अडकित्ता धरलेला असायचा. सुपारी बंद झाली होती, अडकित्ता सुटला नव्हता. एकदा 'कट' वाजला की वाच पुढं. दोनदा वाजला की थांब. उरलेल्या जगाशी ते एवढंच बोलायचे. आतल्या खोलीत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दिवसभर काहीतरी निवडत, पाखडत असायच्या. मूलबाळ नव्हतं. सर आजारी पडल्यापासून त्याही फार बोलत नव्हत्या. घर असं शांत, की मडक्यातून थेंब गळला तरी तिघं तिकडं बघायचो.

आणि त्यात एका दुपारी पुस्तक कंपनीचे एजंट आले.

कोट, टाय, घाम. सरांची वाचा गेलीय हे त्यांच्या गावीही नव्हतं. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी एक जाडजूड, सोनेरी अक्षरांचं पुस्तक खाटेवर ठेवलं. "प्रोफेसरसाहेब, विलायतेत हेच चालतं." सर गप्प. "छपाई बघा." सर गप्प. एजंटांना वाटलं, पसंत नाही. "शेवटी सूची दिलीय, साहेब." गप्प. "बांधणी अशी, की नातवंडं वाचतील." हे म्हटल्यावर सरांनी डोळे मिटले. एजंट अजून पेटले. तो माणूस बिचारा त्या शांततेशी कुस्ती खेळत होता आणि चीत होत होता. मला हसू आवरेना. मी दाराआड झालो आणि, देवाशपथ, त्याची सुटका करावी म्हणूनच, सरांच्या आवाजात म्हणालो, "ठेवून जा. बघू."

एजंट ताडकन उठले, नमस्कार केला, टोपी विसरून गेले.

मी हसत बाहेर आलो. आणि आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. काकू धावत आल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. दारातच थांबल्या. त्यांनी खाटेकडे बघितलं. सर तसेच होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मग माझ्याकडे बघितलं.

ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आनखी बोल."

तिथून पुढं मी पुस्तकं सरांच्या आवाजात वाचायला लागलो. त्या निवडणं-पाखडणं घेऊन उंबऱ्यात येऊन बसायच्या. इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण माझं 'म्हणजे, बघा हां' आलं की सूप थांबायचं. सर पंचाच्या उजेडाकडे बघत ऐकायचे. स्वतःलाच ऐकताना माणसाला काय वाटत असेल? मी तेव्हा विचार केला नाही. मी रंगात होतो. इतका चांगला श्रोता मला कधी मिळाला नव्हता. सोनेरी पुस्तक तर असं वाजायला लागलं म्हणता! त्यात एक माणूस संत्री खात असतो. पहिलं संत्रं फार गोड, दुसरं थोडं कमी, तिसरं आणखी कमी. मी वाचायचो आणि सर तिथं जसं म्हणाले असते तसं म्हणायचो, "म्हणजे, बघा हां... बोरं. पहिली ओंजळ बोरं खाल्ली..." आणि बोरांवरून पोटदुखी, पोटदुखीवरून हसू. काकूही हसायच्या. दुसऱ्या पुस्तकात नुसत्याच रेघा, एक वर जाणारी, एक खाली येणारी. तिसरं मुंबईचं गाईड, सगळं मुद्द्यांत, जणू बाराखडीच. चौथं एक बारकं, लढाईतल्या तपकिरी कागदावर छापलेलं, तिकडं दक्षिणेतल्या कुण्या अनोळखी मास्तरानं लिहिलेलं. ते वाचताना मात्र माझी फजिती व्हायची. त्याची वाक्यं आखूड. सरांचा आवाज लावायला जावं तर वाक्य आधीच संपलेलं. सदरा लहान आणि माणूस थोराड, तसं. दोन पानं वाचून मी ते बाजूला टाकलं. सरांनीही दोनदा अडकित्ता वाजवला.

सोनेरी ठरलं. प्रिन्सिपॉल परवा येणार, त्यांना सांगायचं.

आणि मी कैऱ्या खाल्ल्या. भिंगारच्या एका मळ्यात, तिखट-मीठ लावून, संत्र्याच्या माणसाला लाज वाटेल इतक्या. दुसऱ्या दिवशी गळ्यातून फक्त हवा. सर नाहीत, ड्रॉइंगमास्तर नाहीत, कुत्रंसुद्धा नाही. तसाच गेलो. सरांनी सोनेरी पुस्तकाकडे बोट केलं, एकदा शेवटचं ऐकू म्हणून. अडकित्ता वाजला. मी वाचायला लागलो. गळा दुखत होता म्हणून जेवढं छापलं होतं तेवढंच. पहिलं संत्रं. दुसरं संत्रं. तिसरं संत्रं. बोरं आली नाहीत. कुठून येणार? ती पुस्तकात नव्हतीच.

पान संपलं. पुढचं पान लावलं. काकूंचं सूप थांबलं, पण हसायला नाही.

"आज ह्ये बुक आजारी हाय व्हय रं?"

'कट कट.'

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे नाही, पुस्तकाकडे बघत होते. अर्धा चेहरा हलत नव्हता, पण दुसऱ्या अर्ध्यावर जे दिसलं ते मी पुन्हा कुणाच्या पूर्ण चेहऱ्यावरही बघितलं नाही. इतके दिवस आम्ही तिघांनी मिळून पुस्तक नाही, त्यांनाच ऐकलं होतं. आणि त्यांनाच पसंत करून टाकलं होतं. त्यांनी डाव्या हातानं पुस्तकाला हात लावला, मग स्वतःच्या छातीला, मग हात हवेत हलवला. हा माणूस जाणार आहे, मग याचं काय उरेल? एवढंच होतं ते. अगदी साफ कळलं. पाटी लागली नाही.

मग सगळी पुस्तकं परत सुरू झाली, माझ्या बसलेल्या गळ्यात. मला तर भीतीच वाटली. गळ्यातले सगळे भाडेकरू बाहेर गेलेले, रिकामं घर, आणि त्यात मी एकटाच काहीतरी पुटपुटतोय. हा आवाज कुणाचा ते मला ठाऊक नव्हतं. खरखरीत, कोपरगावचा, थोडा घाबरलेला. इंग्रजी शब्दांना ठेचा लागत होत्या. जूनमध्ये येणारं पोरगं असंच वाचणार होतं.

रेघांचं पुस्तक वाचताच येईना. गाईड पाठ झालं आणि विसरलं. मग ते तपकिरी बारकं. त्याची आखूड वाक्यं माझ्या आखूड श्वासात बरोबर बसली. तो दक्षिणेतला मास्तर धड्याच्या शेवटी सांगत होता, की तुमच्या गावच्या बाजारात जा, बाजार उठायच्या वेळी भाजीचा भाव काय होतो बघा, आणि का होतो ते आपल्या भाषेत सांगा.

अडकित्ता वाजला. मी वाचायला पुढचं पान उलटलं तर 'कट कट'. मग सरांनी दाराकडे बोट केलं.

"आत्ता? उन्हात?"

'कट.'

गेलो. बाजार उठत आला होता. पाल्यापाचोळ्यात एक बाई वांग्यांचा ढीग घेऊन बसली होती. भाव उतरत होता, शेजारच्या सगळ्या ओरडून ओरडून स्वस्त करत होत्या, ही तोंड मिटून बसलेली. मी उभा राहून बघत राहिलो.

"काय बघतुस रं? घ्यायची तर घे, न्हाईतर सावली सोड."

"मावशी, सगळ्यांनी उतरवला. तुम्ही का नाही?"

"का म्हंजी? ह्या भावात दिऊन घरी जाऊ? त्यापरीस म्हशीला घालीन. म्हस दूध तरी दील. तू काय देशील, उभा ऱ्हाऊन?"

परत येऊन मी सरांना सांगितलं. नक्कल करायला गळाच नव्हता, म्हणून नुसतं सांगितलं. भाव कुठपर्यंत उतरतो आणि तिथून खाली का जात नाही, वांग्यांना जायला दुसरी जागा असली की काय होतं, आणि जिच्याकडे म्हैस नाही तिचं काय. मध्ये अडलो. परत मागं गेलो. हातवारे केले. सांगता सांगता लक्षात आलं की 'बघा हां' म्हणायची गरजच पडली नाही, बघूनच आलो होतो. सर अडकित्ता वाजवत होते. एकदा, मग लगेच एकदा, मग एकदा. वाच पुढं, वाच पुढं, वाच पुढं. समोर पुस्तक मिटलेलं होतं.

प्रिन्सिपॉल आले तेव्हा त्या तपकिरी पुस्तकावर सरांचा डावा हात होता.

"हे?" त्यांनी ते उचलून उजेडात धरलं. पलीकडच्या पानाची अक्षरं अलीकडं दिसत होती. "सातपुते, पोरं हसतील हो. आणि यात शिकवायला काही ठेवलेलंच नाही. नवा माणूस करील काय वर्गात?"

सर हसले. अर्धेच, पण हसले. पुस्तक परत घेतलं आणि त्यावर हात ठेवला. ठरलं.

मला वाटलं, संपलं. काकूंचं संपलं नव्हतं. माझा गळा सुटला होता हे त्यांनी पहिल्या शब्दालाच ओळखलं. "गळा बरा झाला न्हवं? मग वाच की."

"काय वाचू, काकू?"

"कायबी. पर त्येंच्यावानी वाच."

'कट कट.' सरांनी वाजवलं. पुन्हा वाजवलं.

काकू त्यांच्याकडे वळल्या. नवऱ्याशी इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुमाला नगं आसंल. तुमचं बुक झालं. माझं काय? ह्ये पोरगं उद्या जाईल कोपरगावला. मग घरात कोन बोलनार हाय?"

अडकित्ता थांबला.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. मी सरसावून बसलो, गळा खाकरला आणि जीव ओतून वर्गातले सर काढले. टोपी सारखी केली, खिडकीबाहेर बघितलं, सुपारी या गालातून त्या गालात नेली. "म्हणजे, बघा हां..."

काकूंनी मान हलवली. "आसं न्हाई."

"असंच की, काकू. वर्गात अगदी असंच—"

"ते वर्गातलं. घरात ते आसं बोलत न्हवते." त्या उठल्या, दाराबाहेर गेल्या, आणि बाहेरून, उंबऱ्यावर वहाणा आपटत, एका जाड, दमलेल्या, खेडवळ, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हाय का कोन घरात?"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो सरांचा होता यात तिळभर शंका नव्हती. रोज कॉलेजातून आल्यावर हेच विचारायचे म्हणे. घरात एकच माणूस आहे हे ठाऊक असून.

खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हता. घशातून वर आलेलं काहीतरी, अर्धं हसू, अर्धं काय कोण जाणे. काकू आत आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या, त्यांच्या हसण्याकडे बघत. पदर तोंडाला लावला होता, पण डोळे हसत होते. मी पुस्तकं गोळा करायला लागलो. मी किती आवाज जमवले होते, आणि मला त्या माणसाचा एकच ठाऊक होता, बाहेरच्यांना द्यायचा.

वैशाखात ते दोघं पाथर्डीला गेले, गावच्या घरी. मोटारीच्या खिडकीतून सरांनी अडकित्ता वाजवला. एकदाच. दिवाळीच्या आधी सर गेल्याचा निरोप आला.

ते तोफखान्यातलं घर मी टाळत नाही. उलट वाट वाकडी करून तिकडून जातो. आता तिथं दुसरं बिऱ्हाड आहे, दोरीवर लंगोट वाळत असतात, कुणीतरी म्हातारं माणूस आत सुपारी कातरतं. 'कट.' माझे पाय आपोआप चालायला लागतात. 'कट कट' झालं की थांबतात. टांगेवाले शिव्या देतात. एकदा दारासमोर उभा राहून मी हळूच म्हणून बघितलं, हाय का कोन घरात. आवाज कुणासारखाच निघाला नाही. आतून एक बाई म्हणाली, "कोण पाहिजे?" मी पुढं निघालो.

तपकिरी पुस्तक वर्गात टिकलंय. मोठे सर कुरकुरतात, पण चालवतात. मीही पहिल्या वर्षाला तेच शिकवतो, म्हणजे पोरांना बाजारात पिटाळतो आणि आल्यावर ऐकतो. नकला मी सोडल्या. कुणी आग्रह केला तर कुत्रं काढतो, त्याला दुःख नसतं. वर्गात मी माझ्या आवाजात बोलतो, असं मी परवापर्यंत समजत होतो.

परवा परीक्षेआधीचा शेवटचा तास होता. काखेत नव्या पार्सलांतली पुस्तकं घेऊन व्हरांड्यातून येत होतो तर वर्गातून मीच बोलताना ऐकू आलो. शिंदे म्हणून जामखेडकडचा एक लांबोडका पोरगा आहे, मागच्या बाकावर बसतो. तो टेबलामागे उभा राहून मला काढत होता. चांगला काढत होता. कोपरगाव होतं, घसा खाकरणं होतं. मी हसत ऐकत राहिलो.

मग तो म्हणाला, "म्हणजे, बघा हां..."

आणि थांबला. त्या थांबण्यात त्यानं काहीतरी या गालातून त्या गालात नेलं. आणि खिडकीबाहेर बघितलं.

मी सुपारी खात नाही. त्या पोरानं सरांना कधी बघितलेलं नाही. वर्ग हसत होता, म्हणजे सगळ्यांना ओळखीचं होतं. दर तासाला मी तसं करत असणार, आणि मला पत्ता नव्हता. व्हरांड्यातल्या खांबाला टेकून मी उभा राहिलो. भिंतींचा चुना अजून अंगाला लागतो.

आतलं हसणं थांबलं. शिंद्यानं मला बघितलं होतं.

"सर, चुकलं."

काय म्हणायचं ते तोंडाशी तयारच होतं. कुणाचं वाक्य ते, हे सांगायला नको. मी ते गिळलं आणि काखेतली पुस्तकं टेबलावर ठेवली.

"संध्याकाळी खोलीवर ये. यातलं एक पुढच्या साली चालवायचंय. की जुनंच ठेवायचं, ते बघायचंय. मला मोठ्यानं वाचून दाखव."

शिंदे पुस्तकांकडे बघत होता. भीती गेली तसा डोळ्यांत खट्याळपणा परत आला. "वाचतो की. कुणाच्या आवाजात, सर?"

वर्ग पुन्हा हसला.

"येताना कैऱ्या खाऊन ये," मी म्हणालो. "चांगल्या पोटभर."